वेळासची वाळू ठरवते, नर की मादी

सकाळी साडेसहाची वेळ. वेळासच्या पुळणीवर कुंपणाला लागून पर्यटक उभे, लहान पोरंसुद्धा चिडीचूप. आतला माणूस वाळूवर पालथी घातलेली टोपली उचलतो. खाली काही नाही. दुसरी उचलतो, तिथंही नाही. तिसरीखालची वाळू मात्र मधोमध खचलेली, आणि त्या खळग्यात कासवाचं काडेपेटीएवढं काळपट पिल्लू वल्ह्यांसारखे पर हलवतंय. त्याच्या खालून आणखी एक डोकं वर येतं.

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यातलं हे गाव. हरिहरेश्वरकडून यायचं तर बागमांडल्याला गाडी जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत चढवायची, सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं आणि बाणकोटवरून पुढे यायचं. बाणकोटचा हिंमतगड वाटेतच लागतो. १७५६ च्या तहात पेशव्यांनी तो इंग्रजांना दिला आणि त्यांनी त्याचं नाव ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ ठेवलं. खाडीच्या तोंडावरचा किल्ला म्हणजे सावित्रीतून होणाऱ्या व्यापाराची किल्लीच. वेळासची जुनी ओळखही पेशवाईतलीच. नाना फडणवीसांचा जन्म साताऱ्याचा, १७४२ चा, पण त्यांचं भानू घराणं मूळचं इथलं. गावात नानांचं स्मारक आहे. कासवांच्या घाईत बहुतेक पर्यटक ते न बघताच परततात, हे मला तरी खटकतं.

असो. कासव इथं नवीन आलेलं नाही, त्याच्याकडे बघण्याची नजर नवीन आहे. पूर्वी अंडी सापडली की खायला किंवा विकायला जायची, उरलीसुरली कोल्ही-कुत्री उकरायची. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, घराघरांत पाहुणे उतरू लागले आणि अंडी विकण्यापेक्षा ती राखण्यात चार पैसे जास्त मिळू लागले.

इथं येतं ते ऑलिव्ह रिडले. पाठ शेवाळी रंगाची, लांबी जेमतेम दोन-सव्वादोन फूट, वजन चाळीस किलोच्या आसपास. किनाऱ्यावर येते ती फक्त मादी. नर एकदा पिल्लू म्हणून पाण्यात गेला की सहसा पुन्हा जमिनीला लागत नाही. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री भरतीरेषेच्या वर येते आणि मागच्या परांनी दीडेक फूट खोल खड्डा खणते. वर अरुंद, तळाशी फुगीर, अगदी सुरईसारखा. त्यात शंभरच्या आसपास अंडी घालते. कवच चामड्यासारखं लवचीक असल्यामुळे अंडी एकमेकांवर पडूनही फुटत नाहीत. मग खड्डा बुजवून ती अंगाला डावी-उजवीकडे झोके देत पोटानं वाळू चोपते. डोळ्यांतून पाणी गळत असतं. लोकांना वाटतं, बाळंतपणाच्या कळा. खरं तर शरीरातलं जास्तीचं मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर पडत असतं. पाण्यातही ते पडतच असतं, फक्त तिथं आपल्याला दिसत नाही.

पहाटे कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारे गावकरी, परांच्या खुणांवरून घरटं हुडकतात आणि अंडी कुंपणाच्या आत हलवतात. इथं घाईही हवी आणि जपणूकही. कोंबडी आपली अंडी सारखी उलटीपालटी करते, कासवाचं अंडं मात्र तसं चालत नाही. काही तासांतच गर्भ कवचाला वरच्या बाजूनं आतून चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं तर तो मरतो. म्हणून अंडी लवकर उचलायची, न फिरवता न्यायची आणि मूळ खड्ड्याचीच खोली, तोच आकार नव्या खड्ड्याला द्यायचा.

खोलीचा एवढा आग्रह कशासाठी? कासवाचं लिंग आपल्यासारखं गुणसूत्रांवर ठरत नाही. उबवणीच्या मधल्या टप्प्यात वाळू किती तापली, यावर ते ठरतं. साधारण २९ ते ३० अंशांच्या आसपास दोन्ही निपजतात, त्याखाली नर वाढतात, वर माद्या. खड्डा उथळ झाला किंवा सुरूच्या झाडाची सावली पडली, तरी हिशोब बदलतो. उन्हाळे असेच तापत गेले तर पिल्लं निघतील, पण त्यांत नर शोधावे लागतील. वाळू त्याहून तापली तर अंड्यातच मरतील.

पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं कवच फोडतात आणि एकमेकांच्या हालचालीनं ढकलली जात वर सरकतात. वरची वाळू गार झाली की रात्र झाल्याचं त्यांना समजतं. बाहेर येताच ती उजेडाच्या दिशेला धावतात, कारण अंधारात समुद्राकडचं क्षितिजच जास्त उजळ असतं. किनाऱ्यावर हॉटेलचे दिवे लागले की फसगत ठरलेली. कासवमित्र त्यांना थेट पाण्यात सोडत नाहीत, लाटेपासून थोडं अलीकडे ठेवतात. शेवटचं अंतर पिल्लानं स्वतः कापायचं.

मोठी झालेली मादी जन्मकिनाऱ्याच्या आसपास परतते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून तिला वाट सापडत असावी. २०२२ च्या जानेवारीत वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रह-ट्रान्समीटर बसवला आणि तिचं नाव ठेवलं ‘प्रथमा’. ती उत्तरेला पार गुजरातच्या समुद्रापर्यंत गेली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवं वेगवेगळीच, असंही पूर्वी सर्रास मानलं जायचं. पण ओडिशात २०२१ मध्ये पराला धातूची पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला पुळणीवर चढली. पट्टीवर आकडा होता ०३२३३. अख्खा दक्षिण भारत वळसा घालून आलेल्या या पाहुणीनं कोकणच्या वाळूत अंडी घातली आणि ती पुन्हा पाण्यात शिरली.