वॉशिंग मशीनचा नळ गळतोय? पाना हातात घेण्याआधी हे वाचा

मशीनचा नळ ठिबकायला लागला की बहुतेक घरांत आधी पक्कड निघते आणि दिसेल तो नट आवळला जातो. आमच्या दुकानात चिरलेले प्लास्टिकचे नट येतात, त्यातले बरेचसे अशा आवळण्यानेच गेलेले असतात. नळ वेगवेगळ्या ठिकाणांहून गळतो आणि प्रत्येक ठिकाणचा इलाज वेगळा असतो. म्हणून आधी पाणी कुठून येतंय ते शोधा.

सगळ्यात आधी मशीनचा प्लग सॉकेटमधून काढा. ड्राय बाल्कनीत हे सॉकेट बऱ्याचदा नळाच्या हाताभर अंतरावर असतं. सॉकेटवर पाणी उडालं असेल किंवा खाली साचलं असेल, तर प्लगला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा.

आता नळ फडक्याने कोरडा करा. वर्तमानपत्राच्या तीन पट्ट्या घ्या. एक भिंतीलगत गुंडाळा, एक चावीच्या खाली आणि एक पाइपाच्या नटावर. नळ चालू करा, मशीन बंदच राहू द्या. कोणती पट्टी आधी भिजते ते पाहा. चावीतून आलेलं पाणी ओघळून नटावर जमतं आणि दोष नटाला लागतो; पट्ट्यांमुळे ही फसगत टळते.

पाइपाच्या नटातून गळत असेल तर

बहुतेक तक्रारी इथल्याच असतात आणि दुरुस्तीही सगळ्यात सोपी. नळ बंद करा, खाली बादली ठेवा आणि नट हाताने सोडवा. आत काळा रबरी वॉशर दिसेल. तो कडक झाला असेल, चपटा झाला असेल किंवा कडेला चिरला असेल तर बदला. बहुतेक मशीनना पाऊण इंची वॉशर लागतो, तरी जुना सोबत आणलात तर खात्रीने जुळवून देता येतो. नवा बसवण्याआधी नळाच्या तोंडावरची रेती आणि क्षार पुसून घ्या. नट हाताने घट्ट करा, पक्कड लावू नका.

आणि इथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. या जोडात पाणी आटे अडवत नाहीत, वॉशर अडवतो. टेपच्या जाड थराने नट पूर्ण चढत नाही, वॉशर नीट दाबला जात नाही आणि गळती तशीच राहते.

साध्या नळावर चार स्क्रूंचा कनेक्टर बसवला असेल तर समोरासमोरचे स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा. पण आमचा स्पष्ट सल्ला असा, की हा कनेक्टर तात्पुरताच समजा. स्क्रू गंजतात, पकड सुटते आणि एक दिवस पाइप निसटतो. मशीनसाठी वेगळा, आट्यांच्या तोंडाचा नळ बसवून घ्या.

चावीखालून गळत असेल तर

बेसिनवर वर्षानुवर्षं बरा चाललेला नळ मशीनला लावला की चावीतून का गळायला लागतो, असं ग्राहक नेहमी विचारतात. बेसिनच्या नळाचं तोंड मोकळं असतं, त्यामुळे पाणी आलं तसं निघून जातं. मशीनच्या नळाचं तसं नाही. मशीनमधला व्हॉल्व्ह बंद असतो आणि नळ चालू, त्यामुळे टाकीचा पूर्ण दाब नळाच्या आत आणि पाइपात कोंडून राहतो. टाकीपासून दर १० मीटर खाली आलं की दाब साधारण १ किलोने (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १ किलो) वाढतो. म्हणून उंच इमारतीत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल तर खालच्या मजल्यांवर हा त्रास जास्त.

जुन्या, बरेच फेरे फिरणाऱ्या नळात चावी काढून खालचा नट पान्याने अगदी किंचित आवळा. तेवढ्याने न थांबल्यास पाणी वरच्या कॉकने (लाइनचं पाणी बंद करणाऱ्या चावीने) बंद करून आतलं पॅकिंग बदला. अर्ध्या किंवा पाव फेऱ्यात चालणाऱ्या नळात आत चिनी मातीच्या चकत्या असतात. तिथे आख्खा स्पिंडलच (चावीखालचा फिरणारा भाग) बदलतात. प्रत्येक कंपनीचा स्पिंडल वेगळा, त्यामुळे पाणी वरून बंद करून जुना काढून घेऊन या. पुण्याच्या वाघोलीसारख्या टँकर-बोअरच्या भागात रेती आणि क्षारांनी या चकत्यांवर चरे पडतात.

नळ बंद करूनही गळत असेल तर

ही गळती पाइप लावलेला असताना दिसत नाही. पाइप काढून, नळ बंद करून खाली पेला ठेवा. तासाभरात २०० मिलिलिटरचा पेला भरला, तर दिवसाला जवळपास पाच लिटर पाणी वाया जातंय. जुन्या नळात आतला वॉशर, नव्यात स्पिंडल बदलावा लागेल.

भिंतीलगत ओल असेल तर

नळ चालू असो वा बंद, ही ओल थांबत नाही. पाणी वरून बंद करून, नळ काढून आट्यांवर टेफ्लॉनचे दहा-बारा वेढे घड्याळाच्या दिशेने द्यावे लागतात. बसवताना सरळ करण्यासाठी नळ जरासुद्धा उलटा फिरवला तर जोड पुन्हा गळतो. काढून नव्याने टेप लावावी लागते. मात्र जुनी लोखंडी लाइन असेल किंवा नळाबरोबर भिंतीतला एल्बोही (पाइपाचा वळणाचा जोड) हलत असेल, तर तिथेच थांबा आणि प्लंबरला बोलवा. एल्बो आत फुटला तर टाइल फोडावी लागते. वरचा जुना कॉक जाम असेल तर त्याच्याशीही झटापट करू नका.

धुणं झालं की मशीनचा नळ रोज बंद करा, गावाला जाताना तर नक्कीच. दुकानात येताना जुना सुटा भाग आणि पूर्ण नळाचा मोबाइलवर काढलेला फोटो आणा.