रुग्णवाहिकेचा दिवा, सायरन आणि पासिंग: गाडी नेमकी कुठं अडते?

पुण्यात संगम पुलाजवळच्या आरटीओतून पासिंग, म्हणजे गाडीची तपासणी, अडल्याचा शेरा घेऊन परतलेल्या रुग्णवाहिका नाना पेठेत आम्हा वायरिंगवाल्यांकडे येतात. मालकाला वाटतं, दिवाच चुकीचा बसलाय. दिवा क्वचित चुकतो. चुकतो तो कागद, नाहीतर दिव्यामागची वायर.

आधी पात्रता. साहेब लोकांचा लाल दिवा 1 मे 2017 पासून गेला. केंद्रीय मोटार वाहन नियम 108 प्रमाणे रुग्णवाहिकेला जांभळ्या काचेचा, लुकलुकणारा लाल दिवा चालतो. लाल-निळा-पांढरा बहुरंगी दिवा अग्निशमन, पोलीस, आपत्ती व्यवस्थापनाच्या नेमून दिलेल्या गाड्यांचा. मंडळाची स्कॉर्पिओ किंवा सोसायटीची ओम्नी यात बसत नाही. ‘आम्ही पेशंटच नेतो हो’ हे कितीही खरं असलं, तरी आरसीवर रुग्णवाहिका अशी नोंद हवी.

नमुना 20 (नोंदणीचा अर्ज), 21 (विक्रीचा दाखला), विमा, पत्त्याचा पुरावा हे डीलर बघतो. घोडं अडतं नमुना 22-अ वर, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याच्या दाखल्यावर. चॅसिस (गाडीचा नुसता सांगाडा) घेऊन बॉडी बाहेर बांधली असेल तर याचा पहिला भाग चॅसिस कंपनी देते, दुसरा बॉडी बांधणारा. तो दुसरा भाग कुणाकडेच नसतो. बॉडीवाला ‘पाठवतो की’ म्हणतो आणि फोन उचलत नाही. शेवटचा हप्ता हा कागद हातात पडल्यावरच द्या. एआयएस-125 या रुग्णवाहिकांच्या बांधणीच्या मानकात रुग्णवाहिकेचे ए ते डी असे चार प्रकार आहेत. कागदावर जो प्रकार, तीच गाडी समोर दिसली पाहिजे. डी (सगळ्यात जास्त उपकरणांची गाडी) लिहून आत नुसतं स्ट्रेचर ठेवलं तर तपासणारे साहेब हसतात, सही करत नाहीत.

चालू गाडीत बदल करायचा असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली परवानगी आधी, काम नंतर. आमच्याकडे लोक नेमकं उलटं करून येतात. विनापरवाना बदलाला कलम 182-अ प्रमाणे प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. सायरनचंही तसंच: नियम 119 मध्ये रुग्णवाहिकेला सवलत आहे, पण नोंदणी अधिकाऱ्यानं मान्य केलेल्या आवाजापुरतीच.

आता वायर. मागं एका ट्रस्टची गाडी तपासणीला उभी होती. साहेबांनी सायरनचं बटण दाबलं आणि हेडलाइट मिणमिणले. कुणीतरी हेडलाइटच्याच वायरला टाका मारला होता. 100 वॅटचा सायरन 12 व्होल्टवर 8 अँपिअरच्या वर ओढतो, वर दिव्याची पट्टी. एवढा करंट डॅशबोर्डच्या बारक्या स्विचमधून नेला की स्विच वितळतो. मध्ये रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, घाला. डॅशबोर्डच्या स्विचनं फक्त रिलेची कॉइल ओढायची (रिलेच्या पिना 85, 86). बॅटरीची वायर 30 ला, दिव्याची 87 ला. फ्यूज बॅटरीजवळ, प्रत्येक लाइनला वेगळा. दिवा आणि सायरनचे स्विचही वेगळे ठेवा, रात्री ससूनच्या आवारात नुसता दिवा पुरतो. वायरिंगचा आराखडा एका कागदावर काढून घ्या. सक्ती म्हणून नव्हे, पण ‘ही वायर कुठं जाते?’ या प्रश्नाला ड्रायव्हर आकाशाकडे बघतो, तेव्हा तोच उपयोगी पडतो.

मुदतीचा घोळ वेगळाच. कलम 66 प्रमाणे रुग्णवाहिकेला परमिट लागत नाही, म्हणून ‘पासिंगही नको’ असं कुणीतरी सांगतं आणि लोक ऐकतात. फिटनेस, म्हणजे गाडी चालवण्यायोग्य असल्याचं तपासणीनंतरचं प्रमाणपत्र, लागतोच. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर 2 वर्षांनी, पुढं दरवर्षी. हा दुसरा भाग सगळे विसरतात.

वेळ परिवहनच्या पोर्टलवर घ्यायची. दिवे घाटातल्या ट्रॅकवर बोलावलं तर पहाटे निघा आणि बॅटरी चार्ज करून न्या. रांगेत उभं असताना जो तो सायरन वाजवून बघतो.