पेशी वाढल्या तर चांगलंच की!

आमच्या मामाला मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं, सेलूकडचं गाव, ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं तर प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) निघाल्या ९ लाख २० हजार. नॉर्मल दीड ते साडेचार लाख. मामा म्हणाले, "डेंग्यूत पेशी कमी झाल्या की माणूस पपईच्या पानाचा रस पितंय, माझ्या दुप्पट झाल्या तर डॉक्टर तोंड कशाला वाकडं करायलाय?"

प्रश्न चुकीचा नाही. आणि बहुतेक वेळा पेशी वाढतात त्या अंगात लोह कमी असतं म्हणून किंवा कुठलं तरी इन्फेक्शन असतं म्हणून, ते बरं झालं की आकडा खाली येतो. मामाचा तीन महिने झाले तरी येईना. मग कंबरेच्या हाडातून नमुना काढला, जीनची टेस्ट झाली आणि नाव कळलं, इसेन्शियल थ्रॉम्बोसायथिमिया. रक्ताचा जुनाट आजार आहे, हळूहळू चालणारा. मामाची जॅक-२ टेस्ट पॉझिटिव्ह आली.

हे जॅक-२ म्हणजे विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर समजा. शरीरानं सिग्नल दिला की चालू, नाहीतर बंद. २००५ साली कळलं की या जीनमधे एका ठिकाणी बदल झाला की स्टार्टर चालूच अडकतो, हौद भरून वाहिला तरी मोटर काही बंद होत नाही. हा बदल आईबापाकडून आलेला नसतो, हाडाच्या मगजातल्या एखाद्या पेशीत आपोआप होतो, म्हणून मामाच्या पोरांना उगाच टेस्ट करत हिंडायची गरज नव्हती (मामीनं हे तीनदा विचारून घेतलं).

खरी भीती गाठीची. रक्ताची गाठ मेंदूत गेली तर लकवा, हृदयात गेली तर अटॅक, कधी लिव्हरच्या नसांतसुद्धा. मग कुणाला गाठ होणार हे आधी कसं ओळखायचं? २०१२ साली ८९१ पेशंटच्या माहितीवरून एक स्कोर निघाला. वय साठच्या वर असेल तर १ मार्क, बीपी, शुगर किंवा बिडी-सिगारेट असेल तर १, आधी गाठ होऊन गेली असेल तर २, जॅक-२ असेल तर २. एकपर्यंत कमी धोका, दोन म्हणजे मधला, तीन किंवा त्याच्या पुढं जास्त. वर्षाला शंभरात साधारण एक, दोन-अडीच आणि साडेतीन जणांना गाठ, असा तो हिशोब.

आता बघा, यात प्लेटलेट्सचा आकडाच नाही! ज्या आकड्यानं सगळं घर घाबरलं तोच नाही. कारण नुसती गर्दी गाठ करत नाही, अडकलेल्या स्टार्टरमुळं पेशी चिकट आणि भडक डोक्याच्या होतात, पांढऱ्या पेशीपण त्यांच्यात सामील होतात. उलट आकडा दहा लाखाच्या वर लई गेला तर रक्तस्राव व्हायची भीती असते, कारण रक्त थांबवणारं एक प्रथिन या जास्तीच्या प्लेटलेट्सच खेचून घेतात. म्हणून अशा वेळी ॲस्पिरिनसुद्धा (रक्त पातळ ठेवणारी गोळी) जपून.

माणूस किती जगेल याचा स्कोर वेगळा, तोही २०१२ चाच, ८६७ पेशंटवरचा. साठ किंवा जास्त वयाला २, पांढऱ्या पेशी ११ हजार किंवा जास्त असतील तर १, आधीची गाठ १. शून्यवाल्यांत निम्मे पेशंट जाईपर्यंतचा काळ मोजताच आला नाही इतके लोक टिकून होते, एक-दोन मार्कवाल्यांत तो साडेचोवीस वर्षं, तीन-चारवाल्यांत चौदाच्या आसपास. पण हे घोळक्याचं गणित आहे हो. जिल्ह्यात सरासरीच्या नव्वद टक्के पाऊस झाला म्हणजे तुमच्या शिवारात झालाच असं आपण मराठवाड्यातली माणसं तरी म्हणणार नाही.

मामाला बीपी नाही, शुगर नाही, बिडी नाही (तंबाखू मळतात, ती या स्कोरात नाही म्हणून चांगली असं नव्हे). जॅक-२ चे दोन मार्क. राहिलं वय. आधारवर १ जून १९६७, आपल्याकडं अर्धं गाव १ जूनलाच जन्मलंय, मास्तरची कृपा. म्हणजे साठीच्या आत, दोन मार्क, मधला धोका. डॉक्टरनं सहज विचारलं, "बहात्तरच्या दुष्काळात केवढे होता?" मामा म्हणाले, "खडी फोडायच्या कामावर आईसोबत जात होतो की, दहा-अकरा वर्षाचा असंल." झालं, साठी कधीच ओलांडलेली. तीन मार्क.

नुसत्या कमी डोसच्या ॲस्पिरिनवर भागलं असतं कदाचित, तिथं पेशी खाली आणणारी हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल जोडली गेली. ही गोळी धोक्यातल्या लोकांच्या गाठी कमी करते हे १९९५ सालीच ११४ पेशंटवर दाखवलंय, गोळी घेणाऱ्यांत ३.६ टक्के लोकांना गाठ झाली, न घेणाऱ्यांत २४ टक्के. मात्र रक्त तपासत राहावं लागतं, कारण बाकीच्या पेशीही खाली येऊ शकतात.

डॉक्टरनं केसपेपरवरचं वय खोडून नवं लिहिलं. मामा ते निरखून बघत होते, मग म्हणाले, "साहेब, आता हेच कागद दाखवून एसटीत हाफ तिकीट मिळंल का?"