सातावरून एकदम पंधरावर

चिपच्या कारखान्याची बातमी आली की, ‘हे कोट्यवधींचं काम, शेगाव-पुसदच्या पोरांना कुठून जमणार?’ असं हमखास ऐकू येतं. कारखाना महागच असतो. डिझाइन शिकायला मात्र जुना लॅपटॉप पुरतो. व्हेरिलॉग भाषेत लिहिलेलं डिझाइन लॅपटॉपवरच चालवून पाहणारा (म्हणजे सिम्युलेशन करणारा) आयकॅरस व्हेरिलॉग आणि त्यातले सिग्नल आलेखासारखे दाखवणारा जीटीकेवेव्ह हे प्रोग्रॅम फुकट मिळतात, एकदा उतरवून घेतले की इंटरनेट लागत नाही, लाइन गेली तरी बॅटरीवर प्रॅक्टिकल चालतं.

खरी गंमत बटणाचे दाब ० ते १५ मोजणाऱ्या साध्या चार बिटांच्या काउंटरमध्ये आहे. सर्किटच्या घड्याळाच्या दर ठोक्याला बटणाची आताची आणि मागच्या ठोक्याची स्थिती ताडून पाहायची. नव्यानं दाबलं असेल तर आकडा एकानं वाढवायचा. सिम्युलेशनमध्ये बिनचूक चालतो. एफपीजीए बोर्डावर (आपलं डिझाइन भरता येईल अशा चिपच्या बोर्डावर) उतरवला की एका दाबात तीन-चार आकडे पुढे जातो, आणि कधीतरी सातावरून एकदम पंधरा दाखवतो. मग व्होल्टेजला दोष दिला जातो. दसऱ्याला बोर्डाला हळदकुंकू जरूर वाहा, पिनांवर सांडू नका. दोष त्यानं जात नाही.

दोष दोन आहेत. बटणाची पत्री दाबल्यावर काही मिलिसेकंद थरथरते. ५० मेगाहर्ट्झच्या घड्याळाचा ठोका दर २० नॅनोसेकंदांनी पडतो, त्यामुळे प्रत्येक थरथर वेगळा दाब म्हणून मोजली जाते.

पंधराचं कारण निराळं. सात म्हणजे ०१११, आठ म्हणजे १०००; चारही बिटं एकदम उलटायला हवीत. बटण घड्याळाला विचारून दाबलं जात नाही. वाढीचा हुकूम ऐन ठोक्याच्या तोंडावर निघाला, तर तारांची लांबी कमीजास्त असल्यानं तो एका फ्लिपफ्लॉपला (एक बिट साठवून ठोक्याला बदलणाऱ्या घटकाला) वेळेत मिळतो, बाकीच्यांना नाही. फक्त वरचं बिट उलटलं की ११११. साध्या सिम्युलेशनमध्ये तारांचा उशीर धरलेलाच नसतो, म्हणून तिथं हे कधी दिसत नाही.

उपाय: बटण आधी एकामागे एक दोन फ्लिपफ्लॉपमधून न्या. पहिला कधीकधी ० आणि १ च्या मध्ये अडकतो, बांधाच्या धारेवर ठेवलेल्या बोरासारखा. जितका वेळ मिळेल तितकी तो अडकूनच राहण्याची शक्यता झपाट्यानं घटते. दुसरा त्याला जवळपास अख्खा ठोका देतो. त्यापुढे २० बिटांचा काउंटर लावा: १०,४८,५७६ ठोके, म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद सिग्नल स्थिर राहिला तरच दाब धरा.

एक चूक मात्र हटकून होते. तेच बटण दोन मॉड्यूलना (डिझाइनच्या वेगळ्या भागांना) लागतं म्हणून प्रत्येकात दोन फ्लिपफ्लॉपची स्वतंत्र जोडी लावली जाते. मग कधीकधी एका मॉड्यूलला दाब एक ठोका आधी दिसतो, दुसऱ्याला नंतर. जोडी एकच ठेवा, वाटणी तिच्यापुढे करा.