ग्रीन टीचा कप आणि ग्रीन टीची कॅप्सूल

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर’ असं लिहून आलं की वजन जास्त असलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा गोळीचा नसतो. तो असतो, ‘ग्रीन टी घेतली तर चालेल ना?’ याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही, कारण विचारणाऱ्याच्या मनात कप आहे की कॅप्सूल, ते कळत नाही. दोन्हींवर झाडाचं नाव एकच, हिरव्या पानाचं चित्रही तेच. यकृताच्या दृष्टीने मात्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

आधी कप. कॅमेलिया सायनेन्सिस या झुडपाची पानं गरम पाण्यात पडतात आणि त्यातलं जे पाण्यात विरघळेल तेवढंच उतरतं. त्यात कॅटेचिन नावाची द्रव्यं असतात आणि त्यांतलं मुख्य ईजीसीजी. एका कपात ते साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम भरतं. कप दिवसभरात विखुरलेले असतात आणि घोट घोट घेतले जातात. शिवाय जास्त प्यायची म्हटली तरी कडवट-तुरट चव आणि कॅफीन आपोआप आवर घालतात.

अर्क काढण्याची तऱ्हा वेगळी. पानांतली द्रव्यं बहुतेकदा अल्कोहोलसारख्या द्रावकाने ओढून घेतात, द्रावक उडवून देतात, उरलेलं सुकवून पूड करतात. अनेकदा कॅफीनही काढून टाकतात. म्हणजे नको तेवढं पिऊ न देणारे दोन्ही राखणदार, चव आणि कॅफीन, वाटेतच गळतात. काही कपांत मिळून येणारं ईजीसीजी एका घोटात पोटात जातं, आणि वजन कमी करायचं म्हणून कॅप्सूल घेणारा माणूस ती बरेचदा रिकाम्या पोटीच घेतो. इथेच खरी गोम आहे. उपाशीपोटी घेतलेल्या ईजीसीजीची रक्तातली कमाल पातळी जेवणाबरोबर घेतल्यापेक्षा तिपटीहून जास्त चढल्याचं माणसांवरच्या चाचणीत दिसलं आहे. आतड्यातून शोषलेलं सगळं पोर्टल शिरेतून आधी यकृतात जातं, त्यामुळे हा लोंढा पहिल्यांदा झेलतं तेही यकृतच.

प्रयोगशाळेत हेच द्रव्य कमी प्रमाणात अँटिऑक्सिडंट म्हणून वागतं आणि जास्त प्रमाणात उलटतं. तेव्हा ते पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण आणतं, मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांना, इजा करतं. ‘अँटिऑक्सिडंट आहे, मग जास्त घेतलं तर जास्त बरं’ ही समजूत इथे कोसळते.

हे नुसतं कागदावरचं भय नाही. वजन घटवण्यासाठी विकलं जाणारं, ग्रीन टीच्या अल्कोहोलयुक्त अर्कापासून केलेलं एक उत्पादन २००३ साली फ्रान्स आणि स्पेनमधून मागे घेण्यात आलं होतं, ते यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आल्या म्हणून. पुढे अमेरिकेत मिनेसोटामध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या हजाराहून अधिक स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. तिचा मूळ विषय स्तनांचा कर्करोग होता, यकृत नव्हे. निम्म्या जणींना रोज ८४३ मिलिग्रॅम ईजीसीजी असलेला अर्क वर्षभर दिला. यकृताच्या तपासण्यांत मध्यम किंवा त्याहून मोठा बिघाड अर्क घेणाऱ्यांपैकी ५.१ टक्के जणींत आढळला. नकली गोळी घेणाऱ्यांत ०.७ टक्के. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सगळा पुरावा तपासला. पूरक म्हणून, म्हणजे कॅप्सूल-गोळीतून, रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेतल्यास रक्तातली यकृताची एन्झाइम्स वाढतात, असा तिचा निष्कर्ष होता. नेहमीच्या पद्धतीने पाण्यात केलेली ग्रीन टी मात्र तिने सर्वसाधारणपणे सुरक्षित मानली. २०२२ मध्ये युरोपीय संघाने नियमच केला: दिवसाचं प्रमाण ८०० मिलिग्रॅमच्या आत हवं आणि उपाशीपोटी घेऊ नये ही सूचना लेबलवर हवी.

आता प्रश्न असा की ८०० च्या खाली राहिलं की झालं का? नाही. काही जणांत इजा प्रमाणाच्या हिशेबाने होत नाही. शरीर त्या द्रव्यावर विपरीत प्रतिक्रिया देतं. एचएलए-बी*३५:०१ हा जनुकीय प्रकार असलेल्यांत ग्रीन टी अर्काने यकृत बिघडण्याचा धोका जास्त दिसतो. आपल्यात तो आहे की नाही हे कोणालाही दिसून कळत नाही आणि कॅप्सूल घेण्याआधी कोणी तपासतही नाही. गंमत अशी की हळदीच्या अर्काने झालेल्या इजेतही हाच प्रकार वारंवार सापडला आहे.

हळदीचंही तेच. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असतं आणि ते फार कमी शोषलं जातं. अर्कात कर्क्युमिनॉइड्स, म्हणजे कर्क्युमिन आणि त्याच्या जातीची द्रव्यं, ९५ टक्क्यांपर्यंत नेतात, वर मिरीतलं पायपरिन घालतात. १९९८ च्या एका छोट्या अभ्यासात पायपरिनमुळे कर्क्युमिनचं शोषण वीसपट वाढलं होतं. जाहिरातीत ही जमेची बाजू म्हणून सांगतात. मला ती काळजीची वाटते.

मग फायदा काहीच नाही का? उंदरांवरचे निकाल आकर्षक आहेत आणि काही छोट्या चाचण्यांत फॅटी लिव्हर असलेल्यांची एसजीपीटी (रक्ततपासणीतला यकृताचा एक आकडा) ग्रीन टीच्या कॅटेचिनने थोडी उतरलीही आहे. पण एसजीपीटी उतरणं म्हणजे यकृत सुधारणं नव्हे. ती पेशींतून गळणाऱ्या एन्झाइमची मोजणी आहे; यकृतात तंतू किती साचले, म्हणजे फायब्रोसिस किती, हे ती सांगत नाही. नॉर्मल एसजीपीटी असूनही बराच फायब्रोसिस असलेले लोक असतात. दुधी काटेरी झुडपाचा अर्क, सिलीमारिन, याचं उदाहरण घ्या. तो सहसा यकृताला त्रास देत नाही, पण मलेशियातल्या एका चाचणीत दिवसातून तीनदा ७०० मिलिग्रॅम असा ४८ आठवडे दिल्यावरही बायोप्सीतली (यकृताचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीतली) ठरवलेली सुधारणा नकली गोळीपेक्षा सिद्ध करण्याइतकी जास्त दिसली नाही.

फॅटी लिव्हरवाल्याची अडचण दुहेरी आहे. त्याची एसजीपीटी आधीच थोडी वाढलेली असते, त्यामुळे कॅप्सूलने ती आणखी वाढली तरी ‘चरबीमुळेच असेल’ म्हणून ती खपून जाते. दोन्हींतला फरक ओळखता येतो. चरबीमुळे वाढलेला आकडा सहसा कमाल मर्यादेच्या काही पटींत घोटाळतो आणि माणसाला काही जाणवतही नाही. अर्कामुळे इजा झाली तर तो शेकड्यांत, क्वचित हजारांत जातो. सोबत गडद लघवी, खाज, भूक मरणं, डोळ्यांत पिवळेपणा येऊ शकतो. चरबी कावीळ अशी अचानक देत नाही.

ज्याने यकृतातली चरबी खरोखर उतरते ते वजन आहे. शरीराचं वजन ५ टक्के घटलं की चरबी कमी व्हायला लागते, ७ ते १० टक्क्यांवर दाह निवळण्याची शक्यता वाढते आणि १० टक्क्यांच्या पुढे काहींत फायब्रोसिसही मागे हटतो. साखर न घालता ग्रीन टी प्यायली आणि त्यामुळे गोड पेय सुटलं, तर कपाचा फायदा तिथे आहे, भले मग ईजीसीजीने काही केलं असो वा नसो.

कॅप्सूल आधीच चालू असेल तर डॉक्टरांना बाटलीच दाखवा, नुसतं ‘आयुर्वेदिक काहीतरी’ म्हणू नका. ‘हर्बल आहे, म्हणून सांगितलं नाही’ हे निदान लांबण्याचं नेहमीचं कारण आहे. इजा बहुतेकदा पहिल्या काही आठवड्यांत ते तीन-चार महिन्यांत दिसते. कॅप्सूल बंद केली की बहुतेकांचं यकृत पूर्ववत होतं, काही थोड्यांचं मात्र होत नाही आणि प्रत्यारोपणाची वेळ येते. आणि बरं वाटल्यावर तीच कॅप्सूल पुन्हा सुरू केली, तर दुसऱ्या खेपेला कावीळ पहिल्यापेक्षा लवकर येऊ शकते.