केसांना पाणी पाजून केस मऊ होत नाहीत

गेल्या श्रावणात भाचीबरोबर नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका दुकानात गेले होते. तिचे केस कुरळे, दाट आणि शेंड्यांकडे काथ्यासारखे राठ. फळीवरच्या बाटल्यांवर 'डीप हायड्रेशन', '७२ तास मॉइश्चर लॉक', 'तहानलेल्या केसांसाठी' असं काय काय लिहिलेलं. बाहेर दोन दिवस झिमझिम चालू होती, हवा इतकी दमट की दोरीवरचे कपडे वाळत नव्हते. आणि या हवेत भाची मला विचारते, "मावशी, माझ्या केसांना पाणी कमी पडतंय का गं?"

मी रसायनशास्त्र शिकवते. दुकानात उभ्या उभ्या देण्यासारखं हे उत्तर नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

केस पाणी पितो, यात काही खोटं नाही. आजूबाजूची हवा पूर्ण ओली असेल तर केस स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के पाणी शोषून घेतो. त्यात तो जाडीने फुगतो, आणि लांबीनेही साधारण दोन टक्के वाढतो. हे वाढणं इतकं भरवशाचं आहे की सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने १७८३ साली माणसाच्या केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. तेल काढून टाकलेला एक केस ताणून बांधायचा, दुसरं टोक काट्याला जोडायचं. हवा ओलावली की केस लांबतो, काटा सरकतो. याच तत्त्वावरची यंत्रं पुढे वेधशाळांतही वापरली गेली.

म्हणजे श्रावणातल्या नाशिकमध्ये भाचीच्या केसांत पाणी भरपूर होतं. तरीही ते राठ होते, उलट उन्हाळ्यापेक्षा जास्त पिंजारलेले होते. दमट हवेत ठेवलेली केसांची बट आणि कोरड्या हवेत ठेवलेली बट, कुठली कुठली हे न सांगता लोकांच्या हातात दिली, तर दमट हवेतली बटच त्यांना 'कोरडी' वाटते. आपण ज्याला कोरडेपणा म्हणतो तो पाण्याचा अभाव नसून खरखरीतपणा असतो. बोटांना पाणी मोजता येत नाही, त्यांना कळतं ते घर्षण. मॉइश्चरायझर या नावानेच आपली दिशाभूल झाली आहे.

मग खरखर येते कुठून? केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यावर कौलारू घरासारखी कौलं दिसतात. खवल्यांचे पाच ते दहा थर, प्रत्येक खवला अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास जाड, आणि सगळ्यांच्या कडा शेंड्याच्या दिशेने. एक सुटलेला लांब केस अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून बोटं मागेपुढे घासून बघा. केस आपोआप एकाच दिशेला सरकत जातो, मुळाच्या बाजूकडे. कौलांच्या कडा त्याला उलट दिशेला जाऊ देत नाहीत. हा प्रयोग मी दरवर्षी वर्गात करून घेते आणि दरवर्षी मुलांचे डोळे विस्फारतात.

या कौलांवर एक अतिशय पातळ, तेलकट अस्तर असतं. नाशिककरांना ते समजावायला मला द्राक्ष पुरतं. वेलीवरच्या द्राक्षावर पांढुरका मेणचट थर असतो, त्यावर पाणी टाकलं की थेंब घरंगळतो. बोटाने पुसलं की ती जागा गुळगुळीत काळपट किंवा हिरवी दिसते. बेदाणा करताना पिंपळगावकडे द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढतात, ती याच मेणाची वीण विस्कटावी आणि आतलं पाणी लवकर निघून जावं म्हणून. केसावरचं अस्तर मेणासारखं नुसतं पसरलेलं नसतं, ते रासायनिक बंधाने खवल्याला जोडलेलं असतं, पण अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, त्याचीही वैरी. केस रंगवताना अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साईड एकत्र आले की त्याचा मोठा भाग एका बैठकीत निघून जातो. आणि केस हा मेलेला धागा आहे. त्वचेसारखा तो स्वतःला दुरुस्त करत नाही, गेलेलं अस्तर परत उगवत नाही. 'केसांचं पोषण' हे शब्द बाटलीवर दिसले की हे आठवावं. पोषण मुळाला मिळतं, तेही ताटातून.

कुरळ्या केसांचं दुखणं इथे वाढतं. टाळूतून पाझरणारं तेल सरळ केसावरून खालपर्यंत सहज पसरतं, कुरळ्या केसावर पहिल्या एकदोन वळणांतच अडतं. प्रत्येक वळणावर बाहेरच्या बाजूची कौलं थोडी उचललेली असतात, आणि शेजारच्या केसाशी घासून तिथेच आधी झिजतात. त्यात वय. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे मुळापासून ३० सेंटिमीटरवरचा शेंडा अडीच वर्षांचा असतो. अडीच वर्षांचं ऊन, कंगवा, उशी, बोअरचं जड पाणी त्याने सोसलेलं असतं. म्हणून एकाच केसाचं मूळ मऊ आणि शेंडा काथ्या.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. थोडं रसायनशास्त्र सोसावं लागेल.

केस हे केराटिन नावाचं प्रथिन. प्रत्येक प्रथिनाला एक विशिष्ट आम्लता असते, जिथे त्यावरचे धन आणि ऋण विद्युतभार समसमान होतात. केसाच्या पृष्ठभागासाठी ती सुमारे ३.७ पीएच. पीएच याहून जास्त झाला की ऋणभार वरचढ होतो. आपलं नळाचं पाणी ७ च्या आसपास, शाम्पू बहुधा ५ ते ७, अंगाचा साबण ९ ते १०. म्हणजे यापैकी कशानेही धुवा, केस ऋणभारितच होतो. साबणाने सर्वात जास्त, म्हणून साबणाने धुतलेले केस कर्कश लागतात. आणि जिथे तेलकट अस्तर उडालं आहे तिथे खालचं गंधक ऑक्सिडीकरण होऊन सल्फोनेट गट बनलेला असतो, तो तर कायमचाच ऋण. थोडक्यात, केस जितका खराब, तितका तो जास्त ऋणभारित.

अशा केसावर आपण धनभारित डोकं आणि लांब तेलकट शेपटी असलेला रेणू सोडला तर? डोकं केसाला चिकटतं, शेपटी बाहेर राहते. शेजारी दुसरा, तिसरा, लाखो रेणू उभे राहतात आणि शेपट्यांचं दाट गवत तयार होतं. केसाचं मूळ अस्तर म्हणजे १८-मिथाइलआयकोसॅनॉइक आम्ल, त्याची मुख्य साखळी २० कार्बनची. कंडिशनरमधल्या बेहेनट्रायमोनियम या घटकाची शेपटी २२ कार्बनची. गेलेल्या अस्तराच्या जागी जवळजवळ त्याच लांबीचं नवं अस्तर बसतं! सेट्रिमोनियमची शेपटी १६ कार्बनची, त्यामुळे ते थोडं कमी गुळगुळीत करतं. आणि याची खरी कमाल अशी की कुठे लावायचं हे त्याला सांगावं लागत नाही. जिथे इजा जास्त तिथे ऋणभार जास्त, तिथेच ते जास्त बसतं. मुळाशी कमी, शेंड्याला भरपूर. पाण्याने धुतलं तरी विद्युतभाराच्या ओढीने बरंचसं टिकतं, पुढच्या शाम्पूपर्यंत. माणसाने बनवलेल्या इतक्या साध्या वस्तूत इतकी शहाणी वाटणी मला दुसरीकडे क्वचितच दिसते.

याच तत्त्वावर चालणारा एक घटक बाटलीवर 'ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराईड' असा लिहिलेला असतो. नाव वाचून छाती दडपते, पण ती आपली गवार आहे. गवारीच्या बियांतल्या गोंदाला धनभारित गट जोडले की तो केसाला धरून राहतो. आणखी एक नाव लोकांना उगाच घाबरवतं, सेटाइल अल्कोहोल किंवा सेटेअराइल अल्कोहोल. अल्कोहोल म्हटलं की केस कोरडे पडणार, असे व्हिडिओ फिरत असतात. हे अल्कोहोल मेणासारखं घट्ट असतं, स्पिरिटशी त्याचं नातं फक्त नावातल्या एका रासायनिक गटापुरतं. उलट कंडिशनरला दाटपणा आणि घसरटपणा त्यामुळेच येतो.

खवल्यांच्या दिशेबद्दल वर लिहिलं, त्याचा एक परिणाम फार गंभीर आहे आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. लोकरीचं स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतलं की आटून घट्ट होतं. लोकरीलाही खवले असतात, तंतू एकाच दिशेला सरकत जातात, एकमेकांत अडकतात आणि परत फिरू शकत नाहीत. डोक्यावर हेच घडलं की त्याला जट म्हणतात. गळलेले केस न विंचरता तसेच राहिले, तेल, घाम, धूळ यांनी चिकटले, की काही आठवड्यांत गुंत्याचा गठ्ठा होतो. त्यात देवीचा कौल नसतो. तरीही आपल्याकडे जट आली की बाई देवीची झाली म्हणतात, ती कापली तर कोप होईल म्हणतात, आणि कित्येक बायका ते ओझं मानेवर घेऊन वर्षानुवर्षं मान दुखवत, उवा आणि जखमा सोसत जगतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरोघर समजूत घालून जटा कापतात. त्यांनी कापलेली प्रत्येक जट हा आटलेल्या स्वेटरचाच भाऊ. कुरळ्या केसांच्या मुलीला वेळेवर रुंद दातांचा कंगवा आणि थोडं कंडिशनर मिळालं तर गोष्ट तिथवर जातच नाही.

तेलाबद्दल थोडक्यात. सगळी तेलं सारखी नसतात. २००३ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्याआधी किंवा नंतर लावल्यास केसातून वाहून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलामुळे कमी झालं. कंपनी खोबरेल विकते हे ध्यानात ठेवूनही त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे: खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान, सरळ साखळीचं, त्यामुळे ते केसाच्या आत शिरतं आणि पाण्याने होणारी फुगवट कमी करतं. कुरळ्या केसांना दर धुण्यात फुगणं आणि आकसणं सगळ्यात जास्त महागात पडतं, म्हणून नाहण्याआधी तासभर खोबरेल लावणं ही आजीची पद्धत बरोबर होती. आफ्रिकेतलं शिया बटर किंवा आपल्या कोकणातलं कोकमाचं भिरंडेल आत न शिरता वर थर देतात. आफ्रिकी वंशाच्या, सर्वात घट्ट वळणांच्या केसांवर असा जाड थर हवाहवासा वाटतो. आपल्याकडच्या सैल कुरळ्या केसांवर तो लवकर चिकट होतो.

आता ग्लिसरीन, कोरफड, मध. हे पाणी धरून ठेवणारे पदार्थ. ते किती कामाचे हे हवेवर ठरतं, आणि नाशिकची हवा वर्षात तीन वेळा पालटते. पावसाळ्यात ग्लिसरीन जास्त असलेलं जेल हवेतलं आणखी पाणी ओढतं, केस फुगतात आणि बोटांना चिकटतात. केसांतल्या केराटिनच्या साखळ्यांना जोडणारे हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि नव्या जागी बसतात, म्हणून इस्त्री करून सरळ केलेली बट गोदाकाठी फिरून येईपर्यंत परत वळते. त्या काळात बाटलीवरच्या घटकांच्या यादीत ग्लिसरीन खाली असलेलं, बेहेनट्रायमोनियम किंवा सिलिकॉन वर असलेलं क्रीम बरं. सिलिकॉन विष आहे ही भीती निराधार आहे. केसांवर त्याचा थर साठतो, तेवढ्यासाठी अधूनमधून चांगल्या शाम्पूने धुवावं लागतं.

केसाची 'पोरॉसिटी', म्हणजे केस पाणी किती सहज आत घेतो ते, ओळखायला पाण्याच्या पेल्यात केस टाका, तरंगला तर अमुक, बुडाला तर तमुक, हा प्रयोग भाचीने केला होता. तिने तीन केस टाकले, दोन तरंगले, एक बुडाला, तिन्ही एकाच डोक्यावरचे. तरंगणं पाण्याच्या पृष्ठताणावर आणि केसावर त्या दिवशी किती तेल होतं यावर ठरतं. त्यावरून हजार रुपयांची बाटली निवडू नये.

आम्ही मग बाटल्या उलट्या करून मागची यादी वाचली. घटक जास्त प्रमाणापासून कमीकडे लिहिलेले असतात. पहिलं नाव पाणी, ते सगळीकडेच. त्यानंतरच्या चारपाच नावांत सेटेअराइल अल्कोहोल आणि 'ट्रायमोनियम' असलेलं एखादं नाव आहे का, एवढंच पाहिलं. एका महागड्या बाटलीत चौदा वनस्पतींचे अर्क होते आणि ट्रायमोनियम सुगंधाच्याही नंतर. शेजारच्या निम्म्या किमतीच्या बाटलीत ते तिसरं होतं. तीच घेतली.

भाची आता केस ओले असतानाच, कंडिशनर लावून मग विंचरते, शेंड्याकडून सुरुवात करून वर. पंचाने खसाखसा पुसणं बंद केलं आहे, जुन्या सुती ओढणीत केस गुंडाळून ठेवते. डिसेंबरात निफाडकडून गार वारं सुटलं की धुतलेल्या केसांच्या शेंड्यांना वाटाण्याएवढं लीव्ह-इन (न धुता तसंच ठेवायचं) क्रीम आणि वर दोन थेंब खोबरेल लावते. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणून त्या दिवसांत अंघोळीच्या आधी बाटली गरम पाण्याच्या तांब्यात उभी केलेली असते.