मैत्रीला तास किती लागतात?

नव्या शहरात राहायला गेलं की मैत्री जुळवणाऱ्या ॲपवर आठवडाभरात दहा-पंधरा जणांशी ‘मॅच’ होतो. ‘हाय’, ‘जेवलास का’, ‘वीकेंडचा काय प्लॅन’ एवढं झालं की गप्पा विझतात. ॲप ओळख करून देतं, पण मैत्रीला तास लागतात आणि ते चॅटवर भरत नाहीत.

किती तास? कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये अंदाज मांडला. त्यासाठी त्यांनी नुकतंच गाव बदललेल्या लोकांकडून आणि कॉलेजात नव्यानं आलेल्या मुलांकडून माहिती घेतली. ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला साधारण ५० तास, मित्र म्हणावा असा व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक. यात एकत्र काम केल्याचे तास फारसे कामी येत नाहीत, रिकामटेकडे तास येतात. आठवड्याला दोन तास भेटलात तर पहिल्या पायरीलाच सहा महिने लागतील.

म्हणून ॲपच्या सेटिंगमधलं अंतर आधी कमी करा, पाच-सात किलोमीटर पुरे. पुण्याच्या एका टोकाला हिंजवडीत राहणाऱ्यानं दुसऱ्या टोकाच्या हडपसरचा मित्र निवडला, तर दुसरी भेट ट्रॅफिकच खातो. शेजार किती मोलाचा, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्येच दाखवलं होतं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या वसाहतीत मैत्री सर्वाधिक जुळली ती लागून दारं असलेल्यांची.

प्रोफाइलमध्ये ‘प्रवास, संगीत, पुस्तकं’ लिहू नका. ते सगळेच लिहितात आणि त्यावर समोरच्याला बोलायला काहीच सुचत नाही. ‘रविवारी साडेसहाला वेताळ टेकडी चढतो, सोबत हवी’ यात दिवस, वेळ, जागा सगळं आलं. उत्तर ‘येतो’ किंवा ‘जमणार नाही’. डेटिंगच्या ॲपवर असाल तर ‘फक्त मैत्री’ पहिल्याच ओळीत टाका. नाहीतर तिसऱ्या दिवशी गैरसमज ठरलेला.

आठ-दहा निरोपांनंतर भेट ठरवा. लांबलं की मनात भलताच माणूस तयार होतो आणि प्रत्यक्षातला फिका वाटतो. आदल्या दिवशी पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल करा; चोरलेल्या फोटोंची खाती बहुधा इथेच गळतात. जागा वर्दळीची, वेळ तासाभराची, जायचं-यायचं वाहन आपापलं. कोणी पैसे, ओटीपी किंवा ‘गुंतवणूक’ काढली की ब्लॉक करा, समजावत बसू नका.

भेटीनंतर ‘त्याला मी कंटाळवाणा वाटलो असेन’ असं वाटतंच. २०१८ मध्येच मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांना आढळलं, की पहिल्या गप्पांनंतर आपण समोरच्याला किती आवडलो हे लोक कमीच धरतात. दोघंही असंच धरून बसले की फोन कोणीच करत नाही. त्यामुळे चहाचे पैसे देतानाच विचारून टाका: “पुढचा रविवार, हीच वेळ?”